कोड्याच्या दारावरचे चित्र



आजच्या विषयाचे नाव बाहेरच्या फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळजण बुचकळ्यात पडले असतील. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय ऐकावे, इतिहास ऐकावा, फार तर शेतीचे अर्थकारण ऐकावे. त्यात हे 'व्हिडिओ गेमच्या दुकानातले चित्र' कोठून आले? गेल्या आठवड्यात सांगलीला याच विषयावर बोलत होतो, तेव्हा पहिल्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी मला मध्येच थांबवून विचारले, "अहो, हा पोरखेळ. यात आम्हांला घेण्यासारखे काय?" मी त्यांना म्हटले, "काका, आपला नातू माडीवरच्या खोलीत दार लावून दोन वर्षे संगणकापुढे बसतो. नोकरी सोडून बसतो. तो जे घडवतो ते कोणी पाहील की नाही, हे पुष्कळ अंशी एका चित्रावर ठरते, आणि ते चित्र आपल्या अंगठ्याएवढे असते." ते गृहस्थ शेवटपर्यंत बसले. आपणही बसाल अशी आशा आहे.

प्रथम या दुकानाची ओळख करून देतो, कारण ते मोती चौकात नाही. 'स्टीम' नावाचे एक दुकान अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २००३ साली सुरू केले. संगणकावरचे खेळ विकण्याची आज जगातली ही मोठी पेठ आहे. येथे गाळा घ्यायला पागडी लागत नाही, वशिला लागत नाही. २०१७ सालापासून एका खेळामागे शंभर डॉलर भरले आणि कागदपत्रे पुरी केली की साताऱ्यातला मुलगादेखील आपला माल तेथे मांडू शकतो. ही गोष्ट मोठी आहे, यात शंका नाही. पण दार सर्वांना उघडे असले म्हणजे गर्दीही सर्वांचीच होते. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. या पन्नासांत आपला एक. गिऱ्हाईक फळीवरून नजर फिरवीत जाते आणि त्याच्या नजरेला पडते ते प्रत्येक खेळाचे एक दर्शनी चित्र. त्यावर बोट टेकले तर पुढचे पान उघडणार, खेळाची माहिती कळणार, किंमत कळणार. नाही टेकले तर संपले.

या चित्राची मापे ठरलेली आहेत. एक आडवे, एक उभे, एक रुंद, एक अगदी लहान. ही सर्व चित्रे संगणकाच्या ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये मोजतात. लहान चित्र ४६२ बाय १७४ ठिपक्यांचे मागतात आणि दुकान ते आणखी आवळून काही ठिकाणी १२० बाय ४५ ठिपक्यांत दाखवते. साध्या पडद्यावर हे माप सव्वा इंच रुंद आणि अर्धा इंच उंच असे भरते. रविवर्म्याने दमयंती अर्ध्या इंचात रंगवली असती तर हंस कोठे आणि दमयंती कोठे, हे आपण ओळखले असते का, याचा विचार करावा.

आता मूळ अडचणीकडे येतो. लढाईच्या खेळाचे चित्र काढणे सोपे आहे. तलवार काढा, आग काढा, घोडा उधळलेला काढा. पाहणाऱ्याला कळते की येथे मारामारी आहे. शर्यतीच्या खेळाला मोटार पुरते. पण कोड्याच्या खेळाचे काय? कोडे सोडवण्याचा आनंद पाहणाऱ्याच्या डोक्यात होतो, पडद्यावर तो दिसत नाही. रविवारी सकाळी शब्दकोडे घेऊन बसलेल्या माणसाचा फोटो काढला तर काय दिसेल? चष्मा, पेन्सिल आणि गार झालेला चहा. त्याला 'आडवे सात' सापडल्यावर जे वाटते त्याचा फोटो निघत नाही. म्हणून कोड्याचा खेळ करणारे तरुण चित्राशी येऊन अडतात, आणि मग भलतेच काही काढून बसतात.

हे भलतेपण नवे नाही. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे घरगुती यंत्र निघाले. त्याच्या पडद्यावर दिसायचे ते काय, तर चार चौकोन आणि एक ठिपका. पण खेळाच्या पेट्यांवर क्लिफ स्पॉन वगैरे कसबी चित्रकारांनी रंगवलेले देखावे असत. रणगाडे, विमाने, घामाघूम झालेले वीर. पोराने पेटी उघडून यंत्राला जोडावी आणि वीराच्या जागी चौकोन सरकताना पाहावा. त्या काळात हे चालून गेले, कारण चौकोनाला वीर समजण्याची पोरांची तयारी होती आणि पर्यायही नव्हता.

'टेट्रिस'ची गोष्ट याहून मौजेची आहे. वरून पडणारे ठोकळे रचण्याचा हा खेळ मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव या गणकतज्ज्ञाने १९८४ साली केला. तो अमेरिकेत पेटीबंद होऊन गेला तेव्हा तांबड्या पेटीवर मॉस्कोच्या प्रसिद्ध गिरजाघराचे कांद्यासारखे घुमट झळकले आणि नावात एक उलटे रशियन अक्षरही घुसवण्यात आले. विकणाऱ्याने कोडे विकलेच नाही, रशिया विकला! पोलादी पडद्यापलीकडचा खेळ म्हणून लोकांनी तो कुतूहलाने उचलला. खेळ अस्सल होता म्हणून घुमटांचे पाप पोटात गेले. दुसऱ्या एखाद्या सामान्य खेळाला ती पेटी पचली नसती.

आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफाची पेटी मात्र मला शहाणी वाटते. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस गोल पाने. ती ठेवायची लाकडी पेटीही रंगवलेली असते, आणि पेटीवरची चित्रे आतल्या पानांच्याच हाताने, त्याच रंगांत, त्याच वळणाने काढलेली असतात. पेटी पाहणाऱ्याला आत काय आहे ते पेटीच सांगते. तेथे दरबारी कलमाचा संच वेगळा आणि बाजारी कलमाचा वेगळा असे. एक नटवा, दुसरा साधा. पण मत्स्य तो मत्स्यच, कूर्म तो कूर्मच. स्वस्त केला म्हणून खेळ बदलला नाही.

यावरून माझे म्हणणे काय ते आता उघड करून सांगतो. कोड्याच्या खेळाच्या चित्रात कोडेच दिसले पाहिजे. खेळातील वातावरण नव्हे, नायकाचा रुबाब नव्हे, कोडे. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात अर्ध्या क्षणात एक प्रश्न उभा राहिला पाहिजे, आणि त्याचे उत्तर चित्रात असता कामा नये.

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. साताऱ्याहून थोड्या अंतरावर लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू छत्रपतींच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली दुसरी चौकोनी विहीर, दोहोंच्या मधल्या अंगाला महालासारखी बैठक आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालवण्याची सोय. पाहायला गेलेला माणूस तासभर तेथून हलत नाही. आता समजा, कोणी एका मुलीने या विहिरीवर खेळ बेतला. बारा मोटा, बारा नाडे, चाके एकमेकांत गुंतलेली. एक मोट ओढली की दुसरी खाली जाते. कोणत्या क्रमाने ओढल्या असता पाणी थारोळ्यात पडून पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचेल, ते खेळणाऱ्याने शोधायचे. खेळ उत्तम आहे. आता हिने दर्शनी चित्र काय काढावे?

पहिला मोह पूर्ण विहीर काढण्याचा. अष्टकोन, जिना, महाल, कमानीवरचे शिल्प, वर निळे आकाश. मोठ्या कागदावर हे चित्र देखणे होईल, कदाचित बक्षीसही मिळवील. पण अर्ध्या इंचात आणले की काळ्या दगडाचा एक डाग उरतो. त्यात मोट नाही, पाणी नाही, कोडे तर नाहीच. दुसरा मोह त्याहून वाईट. मित्र सांगतात, "अगं, यात जोर नाही, एक वीर घाल." मग कमानीखाली भाला घेतलेला मावळा उभा राहतो. चित्रावर बोटे पुष्कळ पडतात, पण ती लढाई शोधणाऱ्यांची. दोन मिनिटांत त्यांना कळते की येथे मोटाच ओढायच्या आहेत, आणि ते रागावून निघून जातात.

मी असतो तर तिला म्हणालो असतो, सगळी विहीर सोडून दे. दोन मोटा काढ. एक भरलेली, एक रिकामी. दोघींचे नाडे वर जाऊन एकाच चाकावर तिढा घालून आलेले, आणि दोन टोके चित्राच्या खालच्या कडेला, पाहणाऱ्याच्या हाताशी. झाले. पाहणारा न सांगता विचार करू लागतो की हा नाडा ओढला तर कोणती मोट वर येईल? त्याच्या मनात कोडे सुरू झाले. पार्श्वभूमीला नुसता काळा दगड, त्यावर कातड्याचा तांबूस रंग आणि पाण्याचा एकच उजळ पट्टा. बारा मोटा दाखवायची गरज नाही, दोनांतून बारा कळतात.

उभे चित्र आणि आडवे चित्र यांविषयीही येथेच सांगून टाकतो. पुष्कळजण आडवे चित्र काढतात आणि दोन्ही बाजू कापून त्याचे उभे करतात. मग कधी मोट जाते, कधी चाक जाते. उभ्या चित्रात चाक वर टांगावे आणि नाडे लांब सोडावेत, आडव्यात दोन मोटा शेजारी आणाव्यात. वस्तू त्याच, मांडणी नवी. गवंडी जशी एकाच घडीव दगडाची ओटी वेगळी आणि चौथरा वेगळा रचतो, तसे हे काम आहे. त्याला दोन दिवस अधिक लागतात, ते द्यावेत.

रंगाच्या बाबतीत या भूमीतलीच एक हकिकत आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तेथे ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला भेद दिसत नाही. रंगचित्रे सुटली, पण यंत्राचे आरेखन त्यांनी सोडले नाही. त्या रेघांतून पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंगांधळेपणा स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळच अधिक आढळतो. म्हणजे आपल्या खेळाच्या गिऱ्हाइकांत असे लोक असणारच. म्हणून चित्र पुरे झाले की त्यातला रंग काढून टाकून ते करड्या छटांत पाहावे. मोट आणि दगड तेव्हाही वेगळे दिसले तर चित्र पास. तांबडे आणि हिरवे यांच्या भरवशावरच सारे उभे असेल तर ते कोसळते, आणि उन्हात मोबाइल पाहणाऱ्या डोळस माणसासाठीही कोसळते.

त्याच नांगराची दुसरी बाजूही सांगण्यासारखी आहे. लोखंडी फाळाने जमीन विषारी होईल अशी शंका शेतकरी घेत आणि पहिले थोडे नांगर खपायलाही फार काळ गेला, असे सांगतात. नवी वस्तू विकताना ती काय करते हे दाखवावे लागते. नुसती 'उत्तम', 'अपूर्व' अशी विशेषणे लावून भागत नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली ती मुळात कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी, आणि ती काढणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले होते. कारखान्याच्या जाहिरातखात्यात चित्रकार बसवावा, ही दृष्टी शंभर वर्षांपूर्वी या भागात होती.

विशेषणांवरून आठवले. पूर्वी खेळवाले आपल्या दर्शनी चित्रावरच 'अमुक पारितोषिक', 'दहापैकी नऊ गुण', 'पन्नास टक्के सूट' असे शिक्के मारीत. फळी म्हणजे जत्रेतल्या पाटीसारखी दिसू लागली. तेव्हा सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने नियम केला की दर्शनी चित्रात खेळाची कला, खेळाचे नाव आणि अधिकृत उपनाव एवढेच असावे. मला हा नियम फार आवडतो. सूट आणि शिक्के गेले की गरीब आणि श्रीमंत एका मापाच्या चौकटीत येतात.

परदेशांतली दोन चांगली उदाहरणे देतो. लंडनच्या अस्टू या मंडळींनी २०१४ साली 'मॉन्युमेंट व्हॅली' नावाचा मोबाइलवरचा खेळ काढला. डच चित्रकार एशर याने जशा अशक्य इमारती रेखाटल्या, जिने वर जाता जाता खाली येतात, तशा इमारतींतून आयडा नावाची इवलीशी राजकन्या चालते. खेळातले कोणतेही दृश्य चौकटीत घालून भिंतीवर लावता यावे, असा त्यांचा कटाक्ष होता. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की ती इमारत आणि ती लहान आकृती एकत्र पाहिल्यावर ही तेथवर कशी पोहोचणार, हा प्रश्न आपोआप पडतो. चित्र सुंदर आहेच, पण ते प्रश्न विचारते म्हणून कामाचे आहे.

दुसरा खेळ फिनलंडच्या आर्वी टेइकारी याचा, २०१९ सालचा, नाव 'बाबा इज यू'. आपल्याकडे हे नाव ऐकून वडीलधाऱ्यांची चेष्टा आहे की काय असे वाटेल. पण हा बाबा एक पांढरा प्राणी आहे. या खेळात नियमच शब्दांचे ठोकळे होऊन जमिनीवर पडलेले असतात. ठोकळा ढकलला की वाक्य बदलते, वाक्य बदलले की सृष्टीचा नियम बदलतो. खेळाचे नाव हेच त्यातले एक वाक्य आहे! नाव वाचले की कोडे हाती आले. चित्र साधे, शाळकरी पोराने काढल्यासारखे. पण त्याच्या साधेपणात लबाडी नाही.

येथे कोणी म्हणेल, मग माणसांची चित्रे काढूच नयेत काय? तसे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा 'राजी' हा खेळ २०२० साली निघाला. तो हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची कथा आहे; कोडी आहेत, पण वाटेत आहेत. तेथे मुलगी पुढे यावी हेच योग्य. ज्याचा प्राण कथेत त्याने पात्र दाखवावे, ज्याचा प्राण कोड्यात त्याने कोडे. शिवकालीन दरवाजा किंवा पैठणीची किनार केवळ मराठीपणाची खूण म्हणून लावू नये. बारा मोटांची विहीर चालते, कारण तिच्या बांधणीतच कोडे आहे.

आता जरा कडू बोलतो. मोबाइलवर आपण सर्वांनी त्या जाहिराती पाहिल्या असतील: एक माणूस अडकला आहे, वरून तप्त रस येतो आहे, कोणती खीळ ओढावी? बोट शिवशिवते. आपण तो खेळ उतरवून घेतो आणि आत निघतात रंगीत गोळ्या जुळवण्याचे तक्ते. २०२० साली इंग्लंडच्या जाहिरात नियामक मंडळाने 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या खेळांच्या अशा जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद करायला लावल्या. गंमत पाहा: त्या जाहिरातींतील कोडे उत्तम होते. मी म्हणतो तसे प्रश्न विचारणारे होते. फक्त ते त्या खेळाचे नव्हते. प्रश्न विचारण्याची युक्ती इतकी बळकट आहे की ती खोट्याच्या हाती गेली तरी चालते, म्हणूनच ती जपून वापरावी लागते. मोठ्या कंपनीला फसलेल्या लाखांतून काही हजार टिकले तरी पुरतात. आपल्या मुलीला पुरत नाहीत. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मागता येतात; शिवाय जाताना चार वाईट शब्द लिहून जाता येते. ते शब्द त्या पानावर राहतात.

यंत्राकडून चित्र काढून घेण्याविषयी तरुण हटकून विचारतात. २०२४ पासून स्टीमवर असा उपयोग केला असल्यास तो सांगावा लागतो, एवढे व्यवहाराचे. माझे स्वतःचे मत असे की, यंत्र विहीर झकास काढते, पण नाडा कोणत्या चाकावरून गेला हे त्याला कळत नाही. कोड्याच्या चित्रात तेवढेच तर बरोबर असावे लागते. नाडा चुकीच्या बाजूने गेला तर जाणकार खेळाडू पहिल्या नजरेत ओळखतो.

राहिले अक्षर. लहान चित्रात नाव ठळक आणि चौकटभर असावे असे दुकानवालेच सांगतात, आणि ते खरे आहे. पण देवनागरीची अडचण त्यांना ठाऊक नाही. रोमन अक्षर उभे राहते. आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले, वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. पंचेचाळीस ठिपक्यांच्या उंचीत वरचा आणि खालचा मजला सोडला तर मधल्या मजल्याला निम्मी जागा मिळते. शिरोरेषा जाड केली की पोटातली पोकळी बुजते आणि 'घ' व 'ध' एक होतात. बारीक केली की ती नाहीशी होते आणि अक्षरे सुटी पडतात. म्हणून नावच बेताने निवडावे. 'द्वादशकूपरहस्य' हे नाव भारदस्त आहे, पण फळीवर ते झुरळासारखे दिसेल. 'मोट' म्हणावे. दोन अक्षरे, एक मात्रा. आणि ती मात्रा वर काढून तिचाच नाडा केला तर नाव आणि चित्र एक होतात. छापखान्यात काम केलेली मंडळी येथे बसली असतील, त्यांना हे सांगायला नको. अशा जुन्या अक्षरकाराकडे या मुलांनी एक संध्याकाळ जाऊन बसावे.

शेवटी परीक्षा. चित्र कागदावर अंगठ्याएवढे छापावे आणि संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर जावे. खेळाशी संबंध नसलेल्या पाचजणांना ते पाच आकडे मोजेपर्यंत दाखवावे आणि मग झाकून विचारावे, "यात काय करायचे असते?" 'छान आहे' या उत्तराला काहीही किंमत नाही. 'विहीर आहे' याला अर्धा गुण. पण कोणी भेळेचा घास हातात तसाच धरून म्हणाले की, "डावा दोर ओढायचा का? जरा परत दाखवा बघू," तर चित्र दुकानात पाठवायला हरकत नाही.